नाक कुठे, डोकं कुठे: डायरेक्शन कॉन्स्ट्रेंट पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

थ्रीडी ॲनिमेशन शिकायला लागलेला जवळपास प्रत्येक जण एकदा तरी हा उद्योग करतोच: एक बॉल इकडून तिकडे उडतोय आणि कॅमेऱ्याने त्याच्याकडे बघत राहायचंय, मग काय, दर दहा फ्रेमला कॅमेरा हाताने फिरवायचा, की टाकायची (म्हणजे त्या फ्रेमची स्थिती नोंदवायची, हीच कीफ्रेम), पुढे जायचं, परत फिरवायचा, परत की. प्ले केलं की दिसतं की कीफ्रेमवर बॉल बरोबर मधोमध आहे आणि मधल्या फ्रेम्समध्ये तो कडेला घसरतोय. मग मध्ये आणखी कीज. मग कॅमेरा हिंदकळायला लागतो. आणि हे सगळं झाल्यावर कोणीतरी म्हणतं की बॉलचा रस्ता थोडा बदल ना, की गेली सगळी मेहनत पाण्यात.

यावरचा उपाय म्हणजे डायरेक्शन कॉन्स्ट्रेंट. एका वस्तूला सांगून ठेवायचं की बाई, तू कुठेही अस, तुझं तोंड कायम त्या दुसऱ्या वस्तूकडे हवं. पुढचा हिशोब सॉफ्टवेअर करतं, प्रत्येक फ्रेमला, न कंटाळता. एवढं सोपं आहे, आणि तरी नवीन लोक इथे हमखास अडकतात, मीही अडकलो होतो. कारण वस्तूला तोंड असतं हे आपल्याला दिसतं, सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्याला फक्त तीन अक्ष दिसतात. नाक कोणतं आणि डोकं कोणतं हे आपणच सांगावं लागतं, आणि बहुतेक घोळ या दोन उत्तरांतल्या एकात असतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण ट्युटोरियल शोधताना त्रास होतो. एकच गोष्ट आहे पण प्रत्येक सॉफ्टवेअरने वेगळं बारसं केलंय. सॉफ्टइमेजमध्ये तिला सरळ डायरेक्शन म्हणायचे (१९८६ मध्ये माँट्रियलला सुरू झालेली कंपनी, २००८ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली आणि २०१५ हे तिच्या सॉफ्टवेअरचं शेवटचं व्हर्जन ठरलं, तरी जुने रिगर्स, म्हणजे मॉडेल हलवण्याची यंत्रणा बांधणारे, अजून तिच्या आठवणी काढतात). मायामध्ये तेच एम (Aim) कॉन्स्ट्रेंट, थ्रीडीएस मॅक्समध्ये लुकॲट, सिनेमा फोरडीमध्ये टार्गेट टॅग, आणि ब्लेंडरमध्ये एक नाही तर तीन भावंडं आहेत: ट्रॅक टू, डॅम्प्ड ट्रॅक आणि लॉक्ड ट्रॅक. मी खाली ब्लेंडर धरून सांगतोय कारण ते फुकट आहे आणि कोणीही आत्ता उघडून बघू शकतं, पण डोक्यातला विचार सगळीकडे तोच चालतो.

आत नेमकं काय होतं

थोडं गणित, घाबरू नका. समजा आपली वस्तू शून्य, शून्य, शून्यवर आहे आणि टार्गेट एक्समध्ये ३, वायमध्ये ४, झेडमध्ये ० वर. टार्गेटच्या जागेतून वस्तूची जागा वजा केली की मिळतो एक बाण: ३, ४, ०. त्याची लांबी ५ (शाळेतला तोच त्रिकोण). लांबीने भागलं की ०.६, ०.८, ०, म्हणजे निव्वळ दिशा, अंतर गायब. आता तुम्ही सांगितलेला अक्ष, समजा एक्स, या बाणावर आणून ठेवायचा. म्हणजे वस्तू झेडभोवती साधारण ५३.१३ अंश फिरली. संपलं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या, की अंतराला इथे काहीच किंमत नाही. टार्गेट एक मीटरवर असो की शंभर मीटरवर, एकाच रेषेत असेल तर वस्तू तशीच्या तशी राहणार. पण टार्गेट जितकं जवळ तितकं ते थोडंसं हललं तरी वस्तू जास्त फिरते. म्हणून कंट्रोल, म्हणजे हाताने हलवायचं ते टार्गेट, नाकाला चिकटून ठेवू नका, लांब ठेवा, हात स्थिर राहतो.

आता खरी गंमत. हात समोर करा, तर्जनीने भिंतीवरचा एखादा ठिपका दाखवा. आता बोट ठिपक्यावरून न हलवता मनगट पिळा. बोट अजून तिकडेच आहे, पण तळहात वर, मग कडेला, मग खाली. म्हणजे दिशा एकच आणि हात ठेवायच्या पद्धती मोजता येणार नाहीत इतक्या! वस्तू तीन प्रकारे फिरू शकते आणि तिकडे बघ म्हटल्यावर त्यातले फक्त दोन प्रकार ठरतात, तिसरा, म्हणजे स्वतःच्याच नाकाभोवतीची पिळवट, मोकळा राहतो. त्याला रोल म्हणतात. तो बांधायला दुसरा नियम लागतो, तो म्हणजे अप व्हेक्टर, साध्या भाषेत डोकं कुठल्या बाजूला. पुढे जे काही बिघडणार आहे त्यातलं बरंचसं इथून बिघडतं, म्हणून ही बोटाची कसरत खरंच एकदा करून बघा, वाचून सोडू नका.

पहिला प्रयोग: कोन (शंकू)

नवीन फाइल उघडा, क्यूब उडवा. शिफ्ट ए दाबून मेशमधून (मेश म्हणजे वस्तूचा जाळीसारखा पृष्ठभाग) कोन घ्या. त्याचं टोक वर म्हणजे त्याच्या स्वतःच्या झेड अक्षावर असतं. परत शिफ्ट ए, एम्प्टीमधून प्लेन ॲक्सीज घ्या आणि जी दाबून ती बाजूला सरकवा. एम्प्टी म्हणजे रेंडरमध्ये, शेवटी तयार होणाऱ्या चित्रात, न दिसणारी खुणेची खुंटी, आपलं टार्गेट. तिला लगेच नाव द्या, टार्गेट_कोन वगैरे काहीही, कारण पुढे सीनमध्ये अशा पंधरा खुंट्या होतात आणि एम्प्टी.०११ कोणाची हे देवालाही सांगता येत नाही.

आता कोन सिलेक्ट करा, उजवीकडे प्रॉपर्टीजमध्ये ऑब्जेक्ट कॉन्स्ट्रेंट्सचा टॅब उघडा, ॲडमध्ये ट्रॅकिंगच्या रांगेत डॅम्प्ड ट्रॅक आहे तो निवडा. टार्गेटच्या चौकटीत आपली एम्प्टी द्या. ट्रॅक ॲक्सिसमध्ये झेड. बस, एम्प्टी हलवून बघा, कोनाचं टोक तिच्या मागे मागे फिरेल.

आता मुद्दाम चूक करा. ट्रॅक ॲक्सिस एक्स करा. कोन टोकाऐवजी कुशीने टार्गेटकडे बघायला लागेल. कॉन्स्ट्रेंट बरोबर चाललाय, नाक चुकीचं सांगितलंय एवढंच. हे चित्र डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे कॅमेरा जमिनीकडे बघायला लागला किंवा मुंडकं कानाने ऐकल्यासारखं वळलं की लगेच कळेल काय झालंय.

वस्तूचे स्वतःचे अक्ष दिसत नसतील तर ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये व्ह्यूपोर्ट डिस्प्लेखाली ॲक्सिसवर टिक करा. मी तर कॉन्स्ट्रेंट लावण्याआधी हे नेहमी चालू करतो, अंदाजपंचे सहा पर्याय एकेक करून बघत बसण्यापेक्षा बरं. आणि मॉडेल तिरकं बनलं असेल, म्हणजे नाक कुठल्याच अक्षावर बसत नसेल, तर एडिट मोडमध्ये जाऊन मेश फिरवून अक्षावर आणा. ऑब्जेक्ट मोडमध्ये फिरवून ठेवलेलं असेल आणि त्या स्थितीत नाक जगाच्या एखाद्या अक्षाकडे सरळ असेल तर कंट्रोल ए दाबून रोटेशन अप्लाय करा, मग वस्तूचे अक्ष जगाच्या अक्षांशी जुळतात.

अजून एक, वस्तू फिरते ती तिच्या ओरिजिनभोवती, म्हणजे मूळबिंदूभोवती. कोनाचा ओरिजिन उंचीच्या मधोमध असतो. तुम्हाला घड्याळाच्या काट्यासारखा बुडापासून फिरणारा बाण हवा असेल तर ओरिजिन बुडाशी न्या आणि मगच कॉन्स्ट्रेंट लावा.

डॅम्प्ड ट्रॅक की ट्रॅक टू

डॅम्प्ड नाव ऐकून वाटतं की हा हळूहळू, झोकांड्या खात वळत असेल. तसं काही नाही, हा त्याच फ्रेमला जागेवर वळतो, नाव फसवं आहे. त्याची खासियत वेगळी आहे: वस्तू आधी जशी फिरलेली आहे तिथून सगळ्यात जवळच्या रस्त्याने नाक टार्गेटवर आणतो आणि अप वगैरे विचारतच नाही. त्यामुळे रोल तुमच्या हातात राहतो, वस्तू आर दाबून फिरवली तर पिळवट बदलते. बाण, लाइट, पिस्टन, डोळे, जिथे डोकं वर असण्याशी फारसं देणंघेणं नाही तिथे हाच घ्या. बिघडायचं एकच ठिकाण, टार्गेट बरोबर पाठीमागे, १८० अंशावर आलं तर. तेव्हा वळायला सगळेच रस्ते सारखे जवळचे, मग तो कुठून वळेल सांगता येत नाही.

ट्रॅक टू मात्र दोन्ही प्रश्न विचारतो, नाक कोणतं आणि डोकं कोणतं. तुम्ही आधी वस्तू कशी फिरवली होती याची तो पर्वा करत नाही, रोटेशनच्या कीज असल्या तरी त्यांना गप्प बसवतो. करून बघायला माकडाचं मुंडकं घ्या, ब्लेंडरमध्ये मेशमध्ये मंकी आहे ते. त्याचं तोंड मायनस वायकडे असतं आणि डोकं झेडकडे. म्हणून ट्रॅक टूमध्ये ट्रॅक ॲक्सिस मायनस वाय, अप झेड. एम्प्टी त्याच्याभोवती गोल फिरवा, वर खाली करा, माकड मान कलती न करता बघत राहील. दोन्हीकडे एकच अक्ष दिलात, नाकही झेड आणि डोकंही झेड, तर कॉन्स्ट्रेंट लाल दिसतो आणि काम बंद, साहजिकच आहे.

कॅमेरा

कॅमेऱ्यासाठी ट्रॅक टू, ट्रॅक ॲक्सिस मायनस झेड, अप वाय. हे पाठ करून टाका. ब्लेंडर आणि माया दोन्हीकडे कॅमेरा स्वतःच्या मायनस झेडकडे बघतो, त्यामुळे मायात एम कॉन्स्ट्रेंट लावताना एम व्हेक्टर ०, ०, -१ द्यावा लागतो, तिथे मुळात १, ०, ० असतं, आणि ते तसंच ठेवून कॅमेरा आडवा का बघतोय म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. मायात क्रमही लक्षात ठेवा, आधी टार्गेट सिलेक्ट करायचं, मग ज्याला वळवायचंय ते.

टार्गेट म्हणून थेट बॉल देऊ नका. एक एम्प्टी द्या आणि ती बॉलच्या आसपास स्वतंत्र हलवा. कारण बॉल उसळतो, थरथरतो, आणि कॅमेरा त्याच्या प्रत्येक उसळीला मान डोलावतो, बघणाऱ्याला चक्कर येते. खरा कॅमेरामन थोडा मागे पडतो, थोडा पुढे जातो, फ्रेममध्ये बॉलच्या पुढे मोकळी जागा ठेवतो. एम्प्टी वेगळी असेल तर हे सगळं करता येतं, तिला थोड्याशा आणि मऊ कीज टाकायच्या.

स्पॉट लाइटही मायनस झेडकडेच बघतो, तिथे डॅम्प्ड ट्रॅक पुरतो. सन लाइटची एक मजा आहे, एरवी तो कुठे ठेवलाय याला काही अर्थ नसतो, फक्त तो कुठल्या दिशेला वळलाय ते महत्त्वाचं. पण एकदा का त्याला ट्रॅक लावला की दिशा त्याच्या जागेवरून काढली जाते, म्हणजे आता सूर्य सरकवला की सावल्या फिरतात. दिवस सरतानाच्या सावल्या दाखवायला सोपी युक्ती आहे ही.

गिरकी

आता त्या प्रसंगाकडे येऊ ज्यामुळे मी हे सगळं नीट शिकलो. एका छोट्या कामात कॅमेरा एका इमारतीवरून उडत जायचा होता, खाली इमारतीवर नजर ठेवून. प्रिव्ह्यू मस्त दिसला, रात्री रेंडर लावला, सकाळी बघतो तर बरोबर इमारतीच्या डोक्यावर आल्यावर एका फ्रेममध्ये पूर्ण चित्र उलटं झालं आणि मोशन ब्लर (वेगाने हलणारं पुसट दाखवणं) चालू असल्याने त्या फ्रेमची अक्षरशः लापशी झाली होती. प्रिव्ह्यूत मला तो झटका वाटला होता, म्हटलं कॉम्प्युटर अडखळला असेल.

कारण सोपं आहे. ट्रॅक टू डोक्याची दिशा जगाच्या झेडवरून, म्हणजे आभाळाकडून ठरवतो. नजर सरळ खाली असताना नाकाची रेषा आणि आभाळाची रेषा एकच होतात. दोन रेषा वेगळ्या असतील तर त्यांच्यावरून तिसरी, आडवी रेषा काढता येते, गणितात याला क्रॉस प्रॉडक्ट म्हणतात, आणि रेषा एकच झाल्या की त्याचं उत्तर शून्य. डोकं कुठे याला उत्तरच उरत नाही. त्या बिंदूच्या अलीकडे डोकं एकीकडे, पलीकडे बरोबर उलट, मध्ये एका फ्रेमची उडी.

उपाय तीन, पहिला सगळ्यात आळशी आणि बऱ्याचदा पुरेसा: कॅमेऱ्याचा रस्ता टार्गेटच्या बरोबर डोक्यावरून नेऊ नका, बाजूने न्या. पण चिकटून नेलात तर उडीच्या जागी अतिवेगवान गिरकी मिळेल, म्हणून जरा ऐसपैस बाजूने. दुसरा, अप म्हणजे आभाळ हा हट्ट सोडायचा. ट्रॅक टूमध्ये टार्गेट झेड नावाची टिक आहे, ती लावली की डोकं टार्गेटच्या झेडवरून ठरतं, म्हणजे एम्प्टीच फिरवून ठेवा, तिचा झेड आडवा, उडण्याच्या दिशेला करा. मग कॅमेरा खाली बघत असला तरी डोकं पुढच्या दिशेला राहतं. मायात यालाच वर्ल्ड अप टाइपमध्ये ऑब्जेक्ट अप किंवा ऑब्जेक्ट रोटेशन अप म्हणतात, मॅक्समध्ये अप नोड, सॉफ्टइमेजमध्ये अप व्हेक्टर कॉन्स्ट्रेंट. तिसरा उपाय, डॅम्प्ड ट्रॅक, पण कॅमेऱ्याला तो लावला तर क्षितिज हळूहळू तिरकं व्हायची शक्यता असते, मला तो कॅमेऱ्यासाठी आवडत नाही.

याच टार्गेट झेडने कॅमेरा मुद्दाम कलताही करता येतो, एम्प्टीला रोल द्यायचा. पण त्यापेक्षा सरळ पद्धत अशी की कॉन्स्ट्रेंट कॅमेऱ्याला न लावता एका एम्प्टीला लावायचा आणि कॅमेरा त्या एम्प्टीचं मूल करायचा, म्हणजे एम्प्टी हलली, वळली की कॅमेराही सोबत जातो. आता वळवायचं काम एम्प्टी करते आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं रोटेशन मोकळं, वर हलकासा कल द्या, हादरा द्या, फ्रेमिंग थोडं सरकवा, काहीही. मी आता मेशलाही थेट कॉन्स्ट्रेंट लावत नाही, मध्ये एक एम्प्टी ठेवतोच. मायात मेंटेन ऑफसेट नावाची टिक असते, तिने वस्तू मूळ कोन राखून वळते, ब्लेंडरच्या ट्रॅकवाल्यांत तशी टिक नाही, ही मधली एम्प्टीच ते काम करते.

लॉक्ड ट्रॅक

हा तिसरा भाऊ एका अक्षाला खिळा मारून वस्तूला फक्त त्याभोवती फिरू देतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा (वेदर-कॉक), फिरतं टेबल, तोफ. तोफेचं उदाहरण घ्या: खालची बैठक फक्त आडवी फिरते, नळी फक्त वर खाली. बैठकीला लॉक्ड ट्रॅक, नाक वाय, लॉक झेड. नळी बैठकीचं मूल, तिलाही लॉक्ड ट्रॅक, नाक वाय पण लॉक एक्स. दोघांना टार्गेट तेच. ट्रॅक टू लावून नळी आणि बैठक एकत्र वळवली असती तर बैठकच जमिनीतून उचलली गेली असती. लांबच्या झाडांचे चित्र लावलेले सपाट कागदही असेच कॅमेऱ्याकडे वळवतात, झेड लॉक, नाहीतर कॅमेरा वर गेला की झाडं मागे रेलायला लागतात.

डोळे

इथे जरा थांबतो, कारण डायरेक्शन कॉन्स्ट्रेंटचं सगळ्यात जास्त बघितलं जाणारं काम हेच. बघणारा पात्राच्या डोळ्यांत बघतो, तिथे चूक झाली तर हात पाय कितीही छान हलवा, पात्र मेलेलं वाटतं.

आधी प्रत्येक डोळ्याचा ओरिजिन डोळ्याच्या गोळ्याच्या बरोबर मध्यात आहे ना बघा, नसेल तर डोळा खोबणीतून बाहेर डोकावतो. मग दोन एम्प्टी घ्या, प्रत्येक डोळ्यासमोर सरळ रेषेत एक, दोन डोळ्यांत जितकं अंतर तितकंच या दोघींत. दोघींना एका मोठ्या एम्प्टीची मुलं करा. प्रत्येक डोळ्याला डॅम्प्ड ट्रॅक, आपापल्या एम्प्टीकडे. हलवायची फक्त मोठी.

दोन्ही डोळ्यांना एकच टार्गेट का नाही? द्या ना, पण मग टार्गेट जवळ आलं की पात्र तिरळं होतं. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर धरलं तर एक मीटरवरच्या वस्तूकडे बघताना प्रत्येक डोळा आत वळतो तो फक्त १.८ अंश, आणि २० सेंटिमीटरवरच्या वस्तूसाठी जवळजवळ ९ अंश. चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर कंट्रोल ठेवायची सवय असते सगळ्यांना, आणि मग पात्र लांबच्या डोंगराकडे बघताना पण नाकावरच्या माशीकडे बघितल्यासारखं दिसतं. दोन वेगळ्या एम्प्टी असतील तर नजर समांतर राहते, आणि जवळचं बघायचं असेल तेव्हा मोठी एम्प्टी आडवी स्केल करून दोघींना जवळ आणायचं, हवं तेवढंच. बाहुली मोठी काढलेली असेल, कार्टून असेल, तर गणिताला विचारू नका, कॅमेऱ्यातून बघून बरं दिसेल तिथे थांबा.

मोठी एम्प्टी कोणाचं मूल करायची हाही प्रश्न येतो. डोक्याचं केलं तर डोकं फिरलं की नजरही फिरते. कोणाचंच नाही केलं तर डोकं हललं तरी नजर वस्तूवर खिळलेली राहते, ज्यात जास्त जीव वाटतो, पण पात्र खोलीभर चालायला लागलं की एम्प्टी मागेच राहते. दोन्ही हवं असेल तर एम्प्टीला डोक्याकडे चाइल्ड ऑफ कॉन्स्ट्रेंट (चालू बंद करता येणारं मूलपण) लावून त्याचा इन्फ्लुएन्स, म्हणजे जोर किती ते, की करतात. सुरुवातीला मोकळीच ठेवा.

आणि हलवताना, डोळे वितळल्यासारखे इकडून तिकडे सरकत नाहीत. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा, नजर टुणकन उडते आणि थांबते, परत उडते. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबात एक ते दोन फ्रेममध्ये एम्प्टी नवीन जागी, मग थांबा, मग पुढची उडी. आपसूक येणारी मऊ कर्व्ह, म्हणजे दोन कीजमधली हळू सुरू होऊन हळू थांबणारी चाल, इथे शत्रू आहे. डोळे आधी, डोकं काही फ्रेम उशिरा, आणि मोठ्या वळणाला एखादी पापणी मिटवा. हलत्या वस्तूचा पाठलाग करताना मात्र नजर सलग सरकते, तिथे कर्व्ह चालते.

पिस्टन

हायड्रॉलिक हाताचा पिस्टन म्हणजे दोन तुकडे, बाहेरची नळी आणि आतला दांडा, दोघांनी कायम एकमेकांकडे बघायचं. स्वाभाविकपणे आपण नळीला दांडा टार्गेट देतो आणि दांड्याला नळी. ब्लेंडर कुरकुर करतो, डिपेंडन्सी सायकल. नळी कुठे वळलीय हे दांड्यावर अवलंबून, दांडा नळीवर, कोण आधी?

सोडवायचं असं. जिथे नळी खालच्या भागाला जोडलीय तिथे एक एम्प्टी, ती खालच्या भागाचं मूल. जिथे दांडा वरच्या भागाला जोडलाय तिथे दुसरी, वरच्या भागाचं मूल. नळी खालच्या भागाचं मूल करून तिला दुसऱ्या एम्प्टीकडे डॅम्प्ड ट्रॅक, दांडा वरच्या भागाचं मूल करून पहिलीकडे. एम्प्टी कोणाकडेच बघत नाहीत, नुसत्या जागा सांगतात, त्यामुळे चक्र तुटतं. दोन्ही तुकड्यांचे ओरिजिन बरोबर जोडाच्या खिळ्यावर हवेत, तिथे कणभर चुकलं तर दांडा नळीची भिंत फाडून बाहेर येतो. हात हलवा, पिस्टन आपोआप आत बाहेर होईल, एकही की न टाकता. हे पहिल्यांदा चालतं ना तेव्हा उगाच दहा मिनिटं हात वर खाली करत बसतो माणूस.

एकाकडून दुसरीकडे नजर

टार्गेट मध्येच बदलायचं असेल तर दोन कॉन्स्ट्रेंट लावून इन्फ्लुएन्स शून्यापासून एकपर्यंत की करता येतो, आकड्यावर माउस ठेवून आय दाबा की की पडते. यादीत खालचा कॉन्स्ट्रेंट शेवटी चालतो, म्हणून खालच्याचा इन्फ्लुएन्स एक असेल तर वरच्याचं कोणी ऐकत नाही. चालतं हे, पण मला विचाराल तर टार्गेट एकच ठेवा आणि ती एम्प्टीच पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागी हलवा. मधला प्रवास डोळ्यांना दिसतो, कर्व्ह एडिटरमध्ये घडवता येतो, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कळतं काय केलं होतं. इन्फ्लुएन्स मी फक्त चालू बंद करायला वापरतो.

चाललंच नाही तर

काहीच हलत नसेल तर आधी टार्गेटची चौकट भरलीय ना, कॉन्स्ट्रेंटवरचं डोळ्याचं चिन्ह बंद नाही ना, इन्फ्लुएन्स शून्य नाही ना. लावल्या लावल्या वस्तूने उडी मारली तर ती तिचं काम करतेय, नाक तपासा. वस्तू फिरताना तिरपी ताणली जात असेल, चौकोनाचा पतंग होत असेल, तर वर कुठेतरी पेरेंटला (ज्याचं ती मूल आहे त्याला) एकाच बाजूने स्केल दिलेलं असणार, त्याचं स्केल अप्लाय करा. रोटेशनच्या कीज असून काही होत नाही, तर वर सांगितलं तसं ट्रॅक टू त्या खाऊन टाकतो. आणि कॉन्स्ट्रेंट काढून टाकल्यावर वस्तू परत जुन्या कोनात जाते, वळलेली तशीच ठेवायची असेल तर काढण्याआधी ऑब्जेक्ट मेनूत अप्लायमधून व्हिज्युअल ट्रान्सफॉर्म करा.

बाहेर पाठवताना

गेम इंजिनला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला फाइल द्यायची असेल तर कॉन्स्ट्रेंट सोबत जाईल या भरवशावर राहू नका, जीएलटीएफ या फाइल फॉरमॅटमध्ये तर ही सोयच नाही. तिथे फक्त कीज जातात, म्हणून बेक करायचं, म्हणजे कॉन्स्ट्रेंटने केलेली हालचाल कीजमध्ये उतरवायची. वस्तू सिलेक्ट करा, ऑब्जेक्ट मेनूत ॲनिमेशन, त्यात बेक ॲक्शन. व्हिज्युअल कीइंग आणि क्लिअर कॉन्स्ट्रेंट्स दोन्हीवर टिक, सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम बघून घ्या. व्हिज्युअल कीइंग राहिलं तर कॉन्स्ट्रेंटने वळवलेलं नाही, त्याच्याखालचं जुनं रोटेशन बेक होतं आणि सगळं सरळसोट उभं राहतं.

बेक झाल्यावर ग्राफ एडिटर उघडा. कधी कधी रोटेशनची रेघ १८० वरून एकदम उणे १८० वर पडलेली दिसते. कोन तोच आहे, पण दोन फ्रेमच्या मधलं गणित करताना सॉफ्टवेअर वस्तूला पूर्ण गिरकी मारून आणतं आणि मोशन ब्लरमध्ये ती दिसते. की मेनूत यावर ऑयलर फिल्टर आहे, किंवा बेक करण्याआधीच वस्तूचा रोटेशन मोड क्वाटर्नियन (फिरणं अंशांऐवजी चार आकड्यांत मांडायची पद्धत) करून घ्या. आणि हे सगळं फाइलच्या कॉपीवर करा. बेक झालं की प्रत्येक फ्रेमला एक की असते, बॉलचा रस्ता जरा बदल म्हणून निरोप आला तर दुरुस्तीला मूळ कॉन्स्ट्रेंटवालीच फाइल लागते.